कोकणातल्या गरम पाण्याच्या कुंडाजवळ विश्रांतीचे तीन दिवस कसे घालवावेत

महाराष्ट्रात गरम पाण्याचे झरे म्हटले की बहुतेकांना वज्रेश्वरी आठवते आणि तेथील रविवारची गर्दी आठवली की जाण्याचा बेत तेथेच बारगळतो. प्रत्यक्षात पालघर जिल्ह्यापासून राजापूरपर्यंत, सह्याद्री आणि समुद्र यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्ट्यात तीनशेहून अधिक किलोमीटर अंतरावर अशी कुंडे विखुरलेली आहेत आणि त्यांतली काही आजही बरीच निवांत आहेत. तेथे दोन रात्री मुक्काम करून, काही न पाहता आणि कोठेही न धावता परत येणे शक्य आहे. त्यासाठी कुंडाची निवड, ऋतू, पाण्यात बसण्याची पद्धत आणि पाण्याबाहेरचा दिवस या चार गोष्टी नीट ठरवाव्या लागतात. बहुतेक जण पहिल्या तिन्हींचा विचार करतात आणि चौथी विसरतात. वास्तविक खरी विश्रांती मिळते ती त्या चौथीतच.

हे पाणी तापते कसे, हे थोडक्यात समजून घेतल्यास पुढील सूचनांमागचे कारण कळेल. कोकणातला काळा पाषाण ज्वालामुखीच्या लाव्हारसापासून बनला असला, तरी तो साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा आहे आणि कधीच थंड झालेला आहे. त्यामुळे या झऱ्यांखाली धगधगता ज्वालामुखी नाही. पावसाचे पाणी खडकातल्या खोल भेगांमधून खाली उतरते, दर किलोमीटरला साधारण २५ ते ३० अंशांनी वाढत जाणाऱ्या भूगर्भातील उष्णतेने तापते आणि दुसऱ्या एखाद्या भेगेतून वर येते. या प्रवासात ते खडकातले क्षार विरघळवून घेते आणि बऱ्याच ठिकाणी त्याला गंधकाचा वास येतो. पाणी खोलातून येत असल्यामुळे थंडी असो वा उन्हाळा, झऱ्याच्या तोंडाशी त्याची उष्णता फारशी बदलत नाही. बदलते ती बाहेरची हवा, आणि म्हणूनच ऋतूची निवड महत्त्वाची ठरते.

कुंड निवडताना

वज्रेश्वरी, अकलोली आणि गणेशपुरी ही तानसा नदीच्या काठची तीन ठिकाणे मुंबईपासून सर्वांत जवळची आहेत. वसईचा किल्ला १७३९ मध्ये जिंकल्यानंतर चिमाजी अप्पांनी नवस फेडण्यासाठी वज्रेश्वरीचे देऊळ बांधवले आणि गणेशपुरी हे नित्यानंद स्वामींचे समाधिस्थान आहे, त्यामुळे येथे भाविकांचा राबता कायम असतो. मंगळवार-बुधवारी जाणे शक्य असेल तर ही ठिकाणे अजूनही सुखाची वाटतात. शनिवार-रविवारी मात्र विश्रांतीच्या हेतूने तेथे जाऊ नये. पालीच्या बल्लाळेश्वराजवळचे उन्हेरे हे अष्टविनायकाच्या यात्रेकरूंचे वाटेवरचे ठिकाण असल्याने तेथेही गाड्या भरून माणसे येतात, अंघोळ करतात आणि पुढच्या गणपतीला निघतात.

दापोली तालुक्यातले उन्हवरे अधिक आडबाजूला आहे आणि त्याचे पाणी या संपूर्ण पट्ट्यात सर्वांत कढत, म्हणजे सुमारे ७० अंशांपर्यंत जाणारे आहे. तेथे स्त्रिया आणि पुरुष यांच्यासाठी स्नानाची स्वतंत्र सोय आहे. जवळच कोटजाई नदीच्या खोऱ्यात पन्हाळेकाजीची लेणी आहेत, म्हणून लेण्यांची आवड असणाऱ्यांनी उन्हवरे निवडण्यास हरकत नाही. अगदी दक्षिणेला राजापूरजवळच्या उन्हाळे गावातले कुंड अंगाला सोसेल इतपत कोमट-गरम आहे. मात्र ज्या काळात राजापूरची गंगा, म्हणजे तेथे अधूनमधून काही काळच वाहणारा आणि पवित्र मानला जाणारा झरा, अवतरते, त्या काळात त्या परिसरात पाय ठेवायला जागा नसते.

निव्वळ विश्रांतीसाठी माझी शिफारस संगमेश्वर तालुक्याची आहे. मुंबई-गोवा महामार्गावर चिपळूण सोडून संगमेश्वरकडे जाताना आरवली, तुरळ आणि राजवाडी ही तीन ठिकाणे एकमेकांपासून थोड्या अंतरावर लागतात, आणि तिन्हींचा स्वभाव वेगळा आहे. आरवलीचे पाणी चाळीस अंशांच्या आसपासचे, म्हणजे नवशिक्याला मानवणारे आहे. तुरळचे कुंड महामार्गालगतच आहे आणि त्याचे पाणी साठ अंशांच्या घरात जाते. रस्त्यावरून जाणारे वाहनचालक तेथे थांबून हातपाय धुतात, त्यामुळे निवांतपणाची अपेक्षा ठेवू नये. राजवाडी महामार्ग सोडून आत आहे. सोमेश्वराच्या देवळाजवळ झाडीत असलेल्या या कुंडावर कामाच्या दिवशी सकाळी गावातल्या चार माणसांखेरीज सहसा कोणी नसते. मुक्काम राजवाडीच्या आसपास किंवा संगमेश्वरात करावा आणि एखाद्या सकाळी आरवलीला जाऊन यावे, अशी आखणी सोयीची पडते.

येथे एक गोष्ट स्पष्ट केलेली बरी. ही कुंडे म्हणजे दगडी वा सिमेंटची बांधीव टाकी, शेजारी कपडे बदलण्यासाठी साधा आडोसा आणि बाजूला देऊळ, एवढाच सारा थाट असतो. गुबगुबीत टॉवेल, सुगंधी तेल आणि मंद संगीत हवे असल्यास एखाद्या रिसॉर्टचा शोध घ्यावा. तसा शोध घेताना मात्र ‘नैसर्गिक गरम पाणी’ या जाहिरातीतल्या शब्दांवर विसंबून न राहता फोनवर सरळ विचारावे की पाणी झऱ्यातून थेट येते की बोअरचे पाणी गिझरने तापवले जाते. खोलीतल्या टाकीत येत असेल तर टाकी दर पाहुण्यानंतर रिकामी करून घासली जाते का. आणि झऱ्याचे पाणी दिवसभर वाहते की ठरावीक वेळी सोडले जाते. झऱ्यावर खरोखर अवलंबून असलेला मालक या प्रश्नांची उत्तरे झटकन देतो.

घरगुती निवासात उतरणार असाल तर कुंड चालत किती अंतरावर आहे, पहाटे अंधारात जाण्याजोगी वाट आहे का, वीज गेल्यास काय सोय आहे, आणि खाटेला मच्छरदाणी मिळेल का, एवढे विचारून घेतले की पुरे. मोबाइलची रेंज नसेल तर ती या प्रवासापुरती जमेची बाजू समजावी.

केव्हा आणि कसे जावे

नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंतचा काळ उत्तम. पहाटेची हवा गार असते, पाण्यावर वाफ धरते आणि बाहेर आल्यावर अंग लवकर निवते. एप्रिल-मे महिन्यांत कोकणातली दमट हवा स्वतःच अंघोळ घालते. तेव्हा गरम पाण्यात उतरणे म्हणजे विश्रांतीऐवजी शिक्षाच होते. पावसाळ्यात डोंगर फार देखणे दिसतात हे खरे, पण नदीपात्राशी असलेली कुंडे पुराच्या पाण्याखाली जाऊ शकतात, वाटा शेवाळतात आणि घाटात दरडी कोसळतात. शिमगा आणि गणपती या दोन सणांना चाकरमानी गावी परतत असल्याने रेल्वे, एसटी आणि घरे सगळेच भरलेले असते, तर देवळाशेजारच्या कुंडांवर महाशिवरात्रीला गर्दी उसळते. हे दिवस टाळून, सोमवारी जाऊन बुधवारी किंवा गुरुवारी परतण्याचा बेत करावा.

मुंबईहून कोकण रेल्वेने संगमेश्वर रोड स्थानकावर उतरणे सर्वांत कमी दगदगीचे असते. सगळ्या गाड्या तेथे थांबत नाहीत, म्हणून आरक्षण करण्यापूर्वी थांबा पाहून घ्यावा. पुण्याहून येणाऱ्यांनी सातारा-कराडमार्गे कुंभार्ली घाट उतरून चिपळूण गाठावे आणि कोल्हापूरकरांनी आंबा घाटाने साखरप्याकडे उतरून देवरुखमार्गे यावे. स्वतः गाडी चालवणार असाल तर दिवसाउजेडी पोहोचेल अशा बेताने निघावे. प्रवासाच्या दिवशी संध्याकाळी कुंडावर जाऊन फक्त पाहून यावे. पाणी कोठून येते, कोठून बाहेर जाते, पायऱ्या कोठे निसरड्या आहेत, स्त्रियांची जागा कोणती, हे उजेडात पाहिलेले असले की दुसऱ्या दिवशी पहाटे चाचपडावे लागत नाही.

सामानात दोन जोड जुने सुती कपडे, दोन पंचे, मागे पट्टा असलेली रबरी चप्पल, पाण्याची बाटली, टॉर्च आणि शक्य असल्यास पाण्याचे तापमान मोजणारा साधा थर्मामीटर घ्यावा. पांढरेशुभ्र किंवा आवडते कपडे पाण्यात घालू नयेत. स्त्रियांनी जोडवी, पैंजण आणि चांदीचे इतर दागिने मुक्कामीच काढून ठेवावेत, कारण गंधकयुक्त वायूने चांदी पाहता पाहता काळवंडते. पुरुषांच्या चांदीच्या साखळीलाही हाच नियम लागू आहे.

पाण्यात उतरण्याची रीत

पहाटे उठून लगेच धावत जाऊ नये. आधी पेलाभर पाणी प्यावे, एखादे केळे किंवा दोन बिस्किटे खावीत आणि सावकाश चालत निघावे. पोट अगदी रिकामे असल्यास भोवळ येण्याची शक्यता वाढते आणि भरपेट खाल्ल्यावर गरम पाण्यात बसल्यास मळमळते, म्हणून हा मधला मार्ग बरा.

कुंडाशी पोहोचल्यावर काही मिनिटे नुसते काठावर उभे राहून पाहावे. झऱ्याच्या तोंडाशी तळातून बारीक बुडबुड्यांच्या माळा वर येताना दिसतात. दगडांच्या कडेला क्षारांचा पांढुरका-पिवळट थर बसलेला असतो आणि पाणी जेथे निवत वाहून जाते, तेथे हिरवट बुळबुळीत साय धरलेली असते. पाय घसरतो तो नेमका याच जागी. वास प्रथम कुजक्या अंड्यासारखा वाटतो, पण थोड्याच वेळात नाकाला त्याची सवय होते. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे टाकीतले पाणी सतत बाहेर वाहत आहे की नाही हे पाहावे. एका बाजूने येणारे आणि दुसऱ्या बाजूने जाणारे पाणी असेल तर टाकी आपोआप स्वच्छ होत राहते. पाणी तुंबलेले, तवंग आलेले असेल तर त्या दिवशी स्नानाचा नाद सोडून द्यावा, मग आपण कितीही लांबून आलेले असा.

त्यानंतर पाण्याची उष्णता अजमावावी. थर्मामीटर नसल्यास कोपर बुडवून पाहावे. तळहाताची कातडी जाड असल्याने तो फसवतो. ३८ ते ४० अंश हे बहुतेकांना सुखाचे तापमान आहे, ४२ अंशांपलीकडे कोणीही बसू नये आणि ६० अंशांच्या पाण्याने तर काही सेकंदांत कातडी भाजते. म्हणून तुरळ किंवा उन्हवरे यांसारख्या ठिकाणी झऱ्याच्या मूळ तोंडाशी पाय घालण्याचे धाडस करू नये. पाणी निवून जेथे येते त्या टाकीतच उतरावे, किंवा बादलीत घेऊन, थंड पाणी मिसळून तांब्याने अंगावर घ्यावे. तांब्याने घेतलेली अंघोळ कमी प्रतीची समजण्याचे कारण नाही. गुडघ्यापर्यंत पाय सोसेल इतक्या गरम पाण्यात सोडून आणि खांद्यावर ओला पंचा टाकून बसणे हाही ज्येष्ठांसाठी उत्तम पर्याय आहे.

उतरण्यापूर्वी बाहेरच्या साध्या पाण्याने अंग धुऊन घ्यावे. कुंडात साबण, शांपू किंवा उटणे लावू नये. ते इतरांसाठी पाणी खराब करते, आणि क्षारांच्या पाण्यात साबणाला नीट फेसही येत नाही, म्हणजे पाप करूनही पुण्य नाही. प्रथम पाय, मग गुडघे, मग कंबर अशा क्रमाने दोन-तीन मिनिटे घेत उतरावे आणि पाणी छातीच्या खाली राहील असे बसावे. डोके बुडवू नये आणि नाकात पाणी जाऊ देऊ नये. उष्ण गोड्या पाण्यात एक प्रकारचा अमीबा वाढू शकतो, जो नाकावाटे मेंदूपर्यंत गेल्यास जिवावर बेततो. हा आजार अत्यंत दुर्मीळ आहे, परंतु डुबकी न मारणे इतके सोपे असताना जोखीम घेण्यात काय शहाणपण आहे? मुलांना तर ही गोष्ट बजावून सांगावी. हे पाणी औषधी समजून पिऊही नये.

पहिल्या खेपेस दहा मिनिटे पुरेत. घड्याळ काठावर ठेवावे, कारण पाण्यात बसल्यावर वेळेचा अंदाज हमखास चुकतो. गरम पाण्याने त्वचेखालच्या रक्तवाहिन्या रुंदावतात आणि रक्तदाब उतरतो. म्हणूनच स्नायू सैलावतात, आणि म्हणूनच एकदम उठून उभे राहिल्यास डोळ्यांपुढे अंधारी येते. बाहेर येताना आधी काठावर पाय पाण्यातच ठेवून बसावे, मिनिटभराने उभे राहावे आणि कोणाचा तरी हात धरून पायऱ्या चढाव्यात. थोडे निवल्यावर हवे असल्यास आणखी दहा मिनिटांसाठी पुन्हा उतरावे. तिसऱ्यांदा उतरण्याचा मोह आवरावा.

काही जणांनी वैद्यकीय सल्ल्याशिवाय उतरूच नये: हृदयविकार असलेले, रक्तदाब आटोक्यात नसलेले किंवा त्यासाठी गोळ्या घेणारे, तसेच गर्भवती स्त्रिया. दीर्घकाळ मधुमेह असलेल्यांच्या पायांची संवेदना कमी झालेली असू शकते आणि भाजले तरी त्यांना लगेच कळत नाही, म्हणून त्यांनी पाण्याची उष्णता दुसऱ्याकडून पाहून घ्यावी. उघडी जखम किंवा संसर्गजन्य त्वचारोग असेल तर स्वतःसाठी आणि इतरांसाठीही दूर राहावे. लहान बाळांना मोठ्यांच्या पाण्यात घालू नये. मद्य घेऊन उतरणे सर्वांनाच घातक आहे. या पाण्याने खरूज, संधिवात आणि इतर बरेच काही समूळ जाते असे तेथे कोणी ना कोणी तुम्हाला सांगेलच. आखडलेले सांधे काही तासांपुरते मोकळे होतात, अंगदुखी कमी होते आणि झोप चांगली लागते, इतके निश्चित म्हणता येते. चालू असलेली औषधे त्यापायी थांबवू नयेत.

कुंड गावाचे आहे याचे भान ठेवावे. सकाळी उजाडल्यानंतर बाहेर वाहून जाणाऱ्या पाण्यावर गावातल्या बायका कपडे धुवायला येतात. त्यांची जागा आणि त्यांचा दगड अडवून बसू नये आणि विचारल्याशिवाय कोणाचे छायाचित्र काढू नये. पुरुषांनी निदान गुडघ्यापर्यंतची चड्डी किंवा पंचा नेसावा आणि स्त्रियांनी अंगभर सुती कपडे घालावेत. देवळाशेजारी स्नान असल्याने पोहण्याचा तोकडा पोशाख तेथे शोभत नाही. गाडीतली गाणी गाडीतच ठेवावीत.

पाण्याबाहेरचा दिवस

स्नानानंतर अंग कोरडे करून, अंगावर काहीतरी घेऊन मुक्कामी परतावे आणि सरळ आडवे व्हावे. अर्धा-पाऊण तास घाम येत राहतो. पंख्याखाली उघडे बसून तो एकदम घालवू नये. मग खाण्याची वेळ. यजमानांना आदल्या रात्रीच सांगून ठेवल्यास उकड्या तांदळाची पेज मिळते. मीठ घातलेली गरम पेज, सोबत लोणच्याची फोड किंवा भाजलेला पापड, हे घामाने गेलेले पाणी आणि मीठ भरून काढणारे असे खाणे आहे की त्यापुढे हॉटेलातला मोठा नाश्ता जड वाटतो. दुपारी कुळथाचे पिठले, तांदळाची भाकरी, भात आणि सोलकढी एवढ्यावर भागवावे. मासे खाणाऱ्यांनी ते दुपारीच खावेत आणि रात्री मऊ भात, तूप, मेतकूट असे काही मागावे.

दुपारच्या वेळी बहुतेकांना अस्वस्थ वाटू लागते. आलोच आहोत तर मार्लेश्वर करू, गणपतीपुळेही फार लांब नाही, अशी चर्चा सुरू होते आणि विश्रांतीची सहल पाहता पाहता ठिकाणे मोजण्याची सहल होते. मार्लेश्वराची गुहा आणि धबधबा पाहण्याजोगे आहेत यात शंका नाही, परंतु तेथील शेकडो पायऱ्या सकाळच्या स्नानाने सैलावलेल्या गुडघ्यांसाठी नाहीत. त्यासाठी वेगळा प्रवास करावा. फारच वाटले तर दुसऱ्या दिवशी उन्हे उतरल्यावर कसबा संगमेश्वरातले कर्णेश्वराचे प्राचीन मंदिर पाहून यावे. दगडातले कोरीव काम सावकाश पाहावे आणि शास्त्री व सोनवी या नद्यांच्या संगमावर थोडा वेळ बसावे. १६८९ मध्ये छत्रपती संभाजी महाराजांना मोगलांनी पकडले ते याच संगमेश्वरात, त्यामुळे इतिहासाची गोडी असणाऱ्यांना तेवढी एक फेरी पुष्कळ होते.

एरवी दुपारभर पडवीत पडून राहावे. एखादे पुस्तक न्यावे, ते वाचून झाले नाही तरी चालते. फोन दिवसातून एकदा, ठरलेल्या वेळी पाहावा. दोघे-तिघे असल्यास पत्ते चालतील, मात्र कामाच्या ठिकाणच्या गप्पांना पहिल्याच दिवशी बंदी घालावी. झोप येईल तेव्हा झोपावे. पहिल्या दिवशी दुपारी दोन-दोन तास गाढ झोप लागते आणि उठल्यावर अपराधी वाटते. दुसऱ्या दिवशी तेवढी झोप येत नाही आणि अपराधीही वाटत नाही.

संध्याकाळचे दुसरे स्नान ऐच्छिक आहे. ते घ्यायचे असेल तर झोपण्याच्या एक-दोन तास आधी घ्यावे. गरम पाण्यातून बाहेर आल्यावर शरीराची उष्णता हळूहळू उतरते आणि ती उतरत असतानाच झोप लवकर लागते. अगदी झोपायच्या वेळी घेतल्यास अंग तापलेलेच राहते आणि उलटा परिणाम होतो. अंधार पडल्यानंतर एकट्याने कुंडावर जाऊ नये. वाटेवर साप-विंचवाची शक्यता असते, म्हणून टॉर्च आणि सोबत दोन्ही हवीत.

परतीच्या दिवशी

निघण्याच्या दिवशी पहाटेचे स्नान घ्यायचे असल्यास त्यानंतर निदान तीन तास गाडी चालवायला बसू नये. अंग सैल आणि डोळे जड झालेले असतात, आणि कुंभार्ली काय किंवा आंबा काय, कोणताही घाट पेंगणाऱ्या चालकाला क्षमा करत नाही. स्नान लवकर उरकून, झोप काढून, जेवून निघावे, किंवा त्या दिवशी स्नानच वगळावे. रेल्वेने परतणाऱ्यांना ही अडचण नाही; त्यांनी हवे तर गाडीत खुशाल झोपावे.

ओले कपडे प्लॅस्टिकच्या पिशवीत वेगळे बांधावेत, नाहीतर गंधकाचा वास बॅगेतल्या सगळ्या कपड्यांना लागतो. घरी आल्यावर ते आधी साध्या पाण्यात भिजवून मग नेहमीप्रमाणे धुवावेत. एका धुण्यात वास न गेल्यास दुसऱ्यांदा धुऊन उन्हात वाळत घालावेत. जोडवी काढायची राहून जाऊन काळी पडली असल्यास ओल्या रांगोळीने किंवा दंतमंजनाने हलक्या हाताने घासली की पुन्हा उजळतात.